कळलावीचं अर्धं मूळ

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. या सदरात जवळजवळ प्रत्येक जण हेच लिहितो, मला ठाऊक आहे. पण माझं जरा वेगळं आहे... विश्वास नव्हता म्हणूनच मी ते करू शकलो. आईइतका मीही मानत असतो, तर त्या मुळाला हात लावायची माझी छाती झाली नसती.

आमचं गाव वाशी तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. घर माळवदाचं. म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि उजेडासाठी मधोमध एक भोक — त्याला आम्ही सवणं म्हणतो. घरात चौघं. आई, थोरला भाऊ म्हणजे दादा, त्याची बायको शांतावहिनी आणि मी. वडील आधीच गेले होते, माझं लग्न व्हायचं होतं.

पावसाळ्यात आमच्या डोंगरात कळलावी फुलते. फूल खाली वाकलेलं, पाकळ्या मात्र उलट्या वर उठलेल्या. आधी पिवळ्या, मग लालभडक, चुलीतल्या जाळासारख्या. देखणी, पण मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी. तिचं मूळ नांगरासारखं असतं, दोन फाट्यांचं. अडलेल्या बाळंतिणीच्या पायाला ते वाळलेलं मूळ बांधायचं आणि मूल रडलं की त्या क्षणी सोडायचं, अशी आमच्याकडची रीत. दुसरी समजूत वाईट. कुणाचं घर फोडायचं असेल तर हेच मूळ त्याच्या घरात कुठंतरी खोचायचं. जोवर ते निघत नाही, तोवर त्या घरात भांडण मिटत नाही म्हणतात. म्हणून ही वेल कुणी अंगणात लावत नाही.

आईकडं असं एक मूळ होतं. चुलीच्या धुरात वर्षानुवर्षं वाळलेलं, काळं ठिक्कर, दगडासारखं. उतरंडीच्या वरच्या मडक्यात ते ठेवलेलं असे आणि गल्लीतल्या बाया गरजेला घेऊन जात. माझ्या जन्माच्या वेळी तिनं त्याच्या एका फाट्याला लाल दोरा गुंडाळून तीन गाठी मारल्या होत्या. धुरानं तो दोराही काळा पडला होता.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. दादा तेव्हा गावच्या सोसायटीचा चेअरमन होता. जनावरांसाठी कडबा यायचा, तो सोसायटीच्या गोदामातून वाटला जायचा. सेक्रेटरीची जागा रिकामी होती आणि ती मलाच मिळणार, असं मी गावभर सांगून बसलो होतो. एका दुपारी माजघरात वहिनींचा आवाज ऐकू आला.

"भावजींच्या हातात गोदामाची किल्ली देऊ नका. सोसायटीच्या दोन पेंढ्या आपल्या म्हशीला टाकताना म्या बघितलंय. लोकांची जनावरं मरायलीत."

दादा म्हणाला, "बरं."

एवढंच. वहिनी खोटं बोलल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्या खरं बोलल्या, म्हणून मला सहन झालं नाही.

आई पाण्याला गेली असताना मी ते मूळ काढलं आणि मधोमध मोडलं. सुंठ मोडल्यासारखा आवाज झाला. दोरा बांधलेला फाटा वहिनींच्या ट्रंकेत लुगड्यांच्या खाली ठेवला. दुसरा फाटा सवण्याशेजारच्या फटीत खोचला आणि वर माती लिंपली. आता भांडणाची वाट बघायची होती. पण त्या साली भांडणाची वाट कुठल्या घराला बघावी लागत होती? घागरभर पाण्यावरून आईचं आणि वहिनींचं वाजलं, तसं मी सहज बोलल्यासारखं बोललो, "आई, तुझं मूळ जाग्यावर हाय का बघ बरं. ह्या घराला काय झालंय कळंना."

मडकं रिकामं होतं. मग ट्रंक उघडली गेली.

आईनं तो फाटा वहिनींच्या डोळ्यांसमोर धरला. "हे काय?"

"मला न्हाई ठाऊक, आत्याबाई. लाकडाचा तुकडा दिसतोय."

"लाकडाचा तुकडा! बाळंतिणीच्या पायाला बांधायचं मूळ हे. तुला कशाला लागतंय गं? तुझ्यावर तसली येळ सहा वर्सात आली न्हाय, अन् येणारबी न्हाय."

दारात बाया जमल्या होत्या. त्यातली एक हसली. दादा खांबाला टेकून जमिनीकडं बघत होता.

"अर्धंच हाय हे," आई म्हणाली. "मग अर्धं कुठं हाय? कुठं खोचलंस तेवढं सांग. आमी काढून टाकतो अन् तू ऱ्हा घरात. म्या शब्द देते सगळ्यांम्होरं."

एवढं एकच हवं होतं. जागा सांगितली की वहिनींचं घर वाचणार होतं. ती जागा फक्त मला माहीत होती, आणि ती त्यांच्या डोक्यावर चार हातांवर होती.

वहिनी आधी नाही-नाही म्हणत राहिल्या. मग शपथा घेतल्या. मग दादाकडं बघितलं. दादा वर बघेना, तेव्हा त्यांनी जे केलं ते मला अजून दिसतं... त्या अंदाज करायला लागल्या. न केलेला गुन्हा कबूल करून त्या जागा शोधू लागल्या.

"उंबऱ्याखाली... उंबऱ्याखाली असंल."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी कुदळ आणली आणि उंबरा उखडला. काही नव्हतं.

"मग चुलीमागं."

मी चुलीमागची भिंत फोडली.

"देवळीत... न्हाई, रांजणाच्या बुडाला. तिथं बघा, भावजी. नीट बघा."

मी नीट बघितलं. घामानं निथळेपर्यंत खणलं. आणि दर वेळी काही सापडलं नाही, की आई बायांकडं वळून म्हणायची, "बघा, कशी खेळवायलीय आपल्याला." शेवटी वहिनी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "तुमीच सांगा कुठं हाय. तुमी म्हनाल तिथं म्या ठेवलंय."

आईनं हातातला फाटा दोऱ्यासकट चुलीत टाकला. तो जळताना सगळ्यांनी बघितला, मीही बघितला. दोरा आधी पेटला, मग लाकूड.

दुसऱ्या दिवशी दादा वहिनींना मुरुम गावाजवळच्या त्यांच्या माहेरी सोडायला निघाला. ट्रंक मी उचलली, एसटीच्या थांब्यापर्यंत. रस्त्यात त्या मागून म्हणाल्या, "जड हाय भावजी, दमानं चला."

दादा एकटा परतला. त्यानं गोदामाची किल्ली आपण होऊन माझ्यासमोर ठेवली, चेअरमनपद सोडलं आणि शेतातल्या खोपीत राहायला गेला. आईशी तो परत कधी बोलला नाही. वहिनींना आणायलाही गेला नाही. मी सेक्रेटरी झालो.

आता ज्यासाठी लिहितोय ते.

पुढचा वैशाख. विहिरी खडखडीत, गावात टँकर. माळवदाच्या मातीवर चपलेशिवाय पाय ठेवता येत नव्हता. मी आतल्या खोलीत झोपायचो, सवण्यापासून घराच्या दुसऱ्या टोकाला. एका सकाळी डोळे उघडले तर छताच्या फळीतून हिरवी पोपटी डिरी, वेलीचा कोवळा शेंडा, लोंबत होती, बरोबर माझ्या तोंडावर. पानाच्या टोकाला तार निघाली होती आणि ती तार खाटेच्या उशाला वेटोळं घालून बसली होती.

मी ती उपटली. दोन दिवसांनी परत आली. परत उपटली. तिसऱ्यांदा आली ती कळी घेऊनच. सकाळी उठलो तर फूल उमललं होतं. डोंगरातल्या फुलाच्या पाकळ्या वर उठलेल्या असतात. ह्या फुलाच्या खाली होत्या, माझ्याकडं.

आई भाकरी टाकून आत आली आणि दारातच थांबली. बराच वेळ फुलाकडं बघत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "ती तर गेली. मग ह्याला पाणी कोण घालतंय?"

आणि तिनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं.

मी माळवदावर चढलो. वेल फळ्यांच्या आतून गेली होती, तिच्या मागोमाग माती उकरत सवण्यापर्यंत आलो. माती कोरडी, पिठासारखी. मी लिंपलेली फट तशीच बंद होती. फोडली. आत मूळ होतं.

अर्धं नव्हतं. अख्खं होतं. दोन्ही फाटे, मधे मोडल्याची खूणसुद्धा नाही. एका फाट्यावर धुरानं काळा पडलेला दोरा, आणि त्याला आईच्या हातच्या तीन गाठी.

मी ते खाली आणून आईच्या हातावर ठेवलं. तिनं गाठी चाचपल्या. "ह्यो दोरा म्या जळताना बघितलाय," ती म्हणाली.

मला वाटलं, आता ती वहिनींना आणायला पाठवेल. मी तयारही होतो... निदान आज तसं वाटतं. आई म्हणाली, "माती परत टाक, वरनं सारवून घे. कुणाला बोलू नगंस. ती माघारी आली, तर तिच्याम्होरं म्या कुठल्या तोंडानं बसू?"

मी माती टाकली, सारवून घेतलं. मूळ तिनं पदरात बांधलं आणि कुठं नेलं ते मरेपर्यंत सांगितलं नाही. वेल परत आली नाही.

गेल्या वर्षी दादा खोपीतच वारला. वहिनींना कळवायला मी मुरुमला उतरून त्यांच्या गावी गेलो. त्या दूध डेअरीत मापावर बसल्या होत्या. लोक त्यांना अक्का म्हणत होते. कपाटाच्या किल्ल्या कमरेला. मला बघून त्यांनी रांगेतल्या लोकांचं दूध आधी मोजून घेतलं, मग म्हणाल्या, "भावजी का? म्हातारं झालात."

मी दादाचं सांगितलं. त्या टेबलावर सांडलेलं दूध पुसत राहिल्या.

"शेवटाला कुणाचं नाव घेतलं?"

"तुमचं."

"मग न्यायला का आलं न्हाईत?"

त्यांनी चहा मागवला. मी कप तोंडाला लावला, तेव्हा त्यांनी विचारलं, अगदी साधेपणानं, एखादी हरवलेली वस्तू विचारावी तसं —

"भावजी, ते अर्धं सापडलं का हो शेवटी?"

"न्हाय," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "म्या लई इचार केला. कुठं असंल म्हनून. अजून करते." मग म्हणाल्या, "फूल कसं दिसतं हो त्याचं? आमच्याकडं समदं काळं रान, डोंगर न्हाई. तिथं सा वर्सं होते, पण मला कुणी दावलंच न्हाई."

एसटीची वेळ झाली म्हणून मी उठलो.

मी शेतकी शाळेत दोन वर्षं काढली आहेत. मुळाला फुटवा येतो, मोडलेला तुकडा नवा फाटा धरतो, हे मला माहीत आहे. कोरड्या मातीत तो कसा येईल, हेही ओढूनताणून सांगता येईल. पण सगळ्यांसमोर जळालेला दोरा, त्याच गाठींसकट? त्याचं उत्तर मला आजवर मिळालं नाही, आणि आता मी शोधतही नाही.

डेअरीच्या त्या टेबलावर तुमच्याच मासिकाचा जुना अंक पडलेला होता, चाळून चाळून मऊ झालेला. म्हणून हे इथं लिहितोय. तोंडावर सांगण्याची हिंमत मला तेव्हाही नव्हती, आताही नाही.

वहिनी, सापडलं होतं. सवण्याशेजारी, तुम्ही बसला होतात त्याच्या बरोबर वर. मीच खोचलं होतं. आता शोधू नका.