जहागीरदार मामांची चेअरमनकी

माझ्या सासऱ्यांना कुणी ‘जहागीरदार’ म्हटलं की ते आधी त्या शब्दाचा अर्थ ऐकवत. केजच्या एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूसही त्यातून सुटत नसे. “फारसी शब्द हाय. जा म्हंजी जागा, गीर म्हंजी धरणारा!” एकदा एक बिचारा घाबरून उठलाच. “तुमची जागा हाय व्हय? बसा, बसा.”

घराण्याची जहागीर निजामाच्या राज्याबरोबर गेली होती. शब्द तेवढा उरला होता. पुढे मामा (सासऱ्यांना आम्ही मामाच म्हणायचो) गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन झाले आणि ती खुर्ची त्यांनी घराण्यात जमा करून टाकली. “आमी असताना निवडणूक कावून?” असं विचारत. लोकही हसून सोडून देत.

मग दुष्काळ पडला. सोसायटीने जनावरांची छावणी काढली. मामा लिंबाखाली खुर्ची टाकून येईल त्याला जहागिरीचा इतिहास सांगत. इकडे हौद कोरडा. टँकर भलतीकडेच वळायचा. मग आम्ही बायकाच तेलगावच्या रस्त्यावर आडव्या उभ्या राहून तो छावणीत आणायचो.

सोसायटीच्या सभेत ऊसतोडीहून परतलेल्या चंद्रभागाबाईंनी विचारलं, “जहागीरदार, बादशा जहागीर कायमची द्यायचा का हो?”

मामा खुलले. “न्हाई, न्हाई! चाकरीसाठी द्यायचा. चाकरी सरली की परत घ्यायचा. बापाची पोराला मिळायचं लई मागून सुरू झालं.”

“मग आमी बी परत घेतो,” म्हणत बाईंनी चेअरमन म्हणून माझं नाव सुचवलं.

भराभर हात वर झाले. ठराव म्हटला की हात वर करायची मामांना इतकी सवय, की त्यांचाही गेला.

घरी मात्र अबोला. जेवताना भिंतीला सांगत, “चेअरमनला म्हणावं, भाकर पुरे.” शेवटी मी नवऱ्याला म्हटलं, “राजीनामाच देते.” मामांनी ते ऐकलं, पायात जोडे सरकवले आणि निघून गेले.

मी मागोमाग धावत तेलगावच्या रस्त्यावर पोचले, तर मामा भर उन्हात टँकरपुढे उभे!

“सूनबाई, हौदाकडं तू बघ,” ते म्हणाले. “ह्या टँकरवाल्याशी भांडायचं काम आजपासून माझं.”

छावणी उठेपर्यंत ते रोज भांडले. पुढे काही वर्षांनी मामा गेले. मातीला तो टँकरवालाही आला होता, आणि सगळ्यांत मोठ्याने तोच रडला.