दारातून घातलेली आंघोळ

मुलांनो, तुमच्यापैकी कोणालाच देवनागरी धड वाचता येत नाही. म्हणून हे तुमच्या आईनं मोठ्यानं वाचून दाखवायचं आहे, आणि अडेल तिथं थांबून समजावायचं आहे. मागच्या खेपेला फोनवर धाकटीनं विचारलं की आपल्या घरात सगळ्यांचे शेवटचे फोटो आहेत, हार घालून ओसरीवर निजवलेले, मग पणजीचाच का नाही? कारण तिला घरी आणलंच नाही. ती पटकीनं गेली.

पणजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांची मडी फार कडक. सोवळ्याला आपण इथं मडी म्हणतो. नऊवारी उंच बांबूवर काठीनं वाळत घालायची, कोणाचा पदर लागू द्यायचा नाही. नातवंडं शाळेतून आली की त्या भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या. तेव्हा तंजावुरात घरोघरी रंगीत टीव्ही आले होते, नाक्यावर पिवळा एसटीडी बूथ उघडला होता, पण सासूबाईंनी नळाचं पाणी कधी तोंडात घातलं नाही. नळाच्या आत चामड्याची चकती असते, हे त्यांनी लहानपणी ऐकलं होतं. त्यांना विहिरीचं नाही तर नदीचंच पाणी लागे, तेही स्वतः भरलेलं.

त्या वर्षी त्या बहिणीकडे तिरुवैयारूला राहायला गेल्या. गावात उलट्या-जुलाबांची साथ होती. बहिणीच्या घरचे पाणी उकळून पीत होते. सासूबाई म्हणाल्या, "कावेरीला चुलीवर ठेवू? आईला कोणी उकळतं का?" आणि घाटावरचं पाणी तांब्यात भरून प्यायल्या. परत आल्या त्या आजारी होऊनच. सरकारी इस्पितळात साथीच्या रोग्यांचा वॉर्ड वेगळा होता, मागच्या बाजूला. तिथं एका सकाळी त्या गेल्या.

तुमचे आजोबा स्मशानात लाकडांची सोय करायला गेले. मी बूथवरून ओरत्तनाडूला फोन केला, आणि वन्सं, म्हणजे आजोबांची बहीण, बसनं आल्या. एका हातात नवी नऊवारी, दुसऱ्या हातात फिरकीचा तांब्या. तांब्यात कावेरी.

वॉर्डाची डॉक्टर तरुण मुलगी होती. ती दारातच आडवी उभी राहिली.

"अम्मा, घरी न्यायचं नाही. आंघोळ घालायची नाही. आम्ही औषधाच्या पाण्यानं धुऊन, गुंडाळून देऊ. तसंच स्मशानात न्यायचं, उघडायचं नाही."

वन्संना वाटलं, आपल्याला तमिळ नीट कळलं नाही. त्या माझ्याकडे वळल्या. "वहिनी, ही काय म्हणते? आंघोळीशिवाय आईनं कधी पाण्याचा थेंब घेतला नाही. ती पारोशी जाणार?"

 मी म्हटलं, "वन्सं, शिवू नका म्हणतात."

"कोण म्हणतंय बघा! जन्मभर आईच्या मडीला हसलात तुम्ही. पोरांना मुद्दाम तिच्या अंगावर सोडायचात. आणि आज तुम्हीच मला सांगता, शिवू नका?"

डॉक्टरला मराठी कळत नव्हती, पण भांडण कळलं असावं. तिनं सावकाश सांगितलं. माणूस गेलं म्हणून रोग लगेच जात नाही. अंगातून पाणी येत राहतं, ते हाताला लागतं, लुगड्याला लागतं. आंघोळ घालणाऱ्या बायकाच घरी जाऊन भात वाढतात, आणि मग त्याच घरातली माणसं इथं येतात. "तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं?" तिनं वन्संना विचारलं.

"मीच. दुसरं कोण आहे?"

वन्संच्या घरी सुनेचं बाळंतपण नुकतंच झालं होतं. त्या तांब्या दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. मला त्यांचा चेहरा बघवेना. घरी बाळ होतं, आणि आत आई.

"मी हात लावत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण आंघोळ झाली पाहिजे. मला दिसली पाहिजे."

डॉक्टरनं थोडा विचार केला. मग तिनं दार उघडं ठेवलं आणि उंबऱ्यापाशी आम्हाला उभं केलं. आत वॉर्डातली एक वयस्क कामवाली होती, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, पुढे मेणकापडाचा एप्रन. बादलीत ब्लीचिंग पावडरचं पाणी होतं. वास इतका की डोळे चुरचुरले. वन्संनी तांब्या पुढे केला. डॉक्टर म्हणाली, "या बादलीत ओता. मग चालेल." कावेरी त्या उग्र पाण्यात गेली.

कामवालीनं वळून विचारलं, "सांगा ताई, कुठून सुरू करू?"

आणि वन्संनी दारातून आंघोळ घातली.

"आधी पायांवर. ती डोक्यावर एकदम घेत नसे. हं. आता उजव्या खांद्यावरून. सावकाश. आता पाठ. पाठीला तिचा हात पोचत नसे, आणि कोणाला सांगतही नसे. पाठ जरा चोळ, अम्मा."

"चोळायचं नाही, ताई. डॉक्टरम्मा रागावतील. नुसतं ओतते, भरपूर ओतते."

"ओत. ओत मग."

औषधात भिजवलेला कापूस, तशीच भिजवलेली चादर, वरून जाड प्लास्टिक, दोऱ्या. नवी नऊवारी प्लास्टिकच्या वरून पांघरली. गाडीत ठेवल्यावर वन्संनी आणि मी वायक्करिसि घातली, म्हणजे तोंडात घालायचे तांदूळ, पण तोंड कुठे होतं? जिथं असावं असं वाटलं तिथं, वरून, हात न टेकवता सोडले. तांदूळ प्लास्टिकवरून घरंगळले. मग त्याच बाईनं आमच्या हातांवर बादलीतलं पाणी घातलं.

मी त्या दिवसाबद्दल पुष्कळ विचार केला आहे. वेगळे कपडे, वेगळी भांडी, शिवलं तर हात धू: वॉर्डातले सगळे नियम सासूबाईंना पाठ होते. त्या जन्मभर स्वतःला आमच्यापासून जपत होत्या. त्या दिवशी आम्हाला त्यांच्यापासून जपायचं होतं. आणि जिला त्यांनी मागच्या दाराच्या आत कधी येऊ दिलं नसतं, तिच्याच हातांनी त्या न्हाल्या. वन्संनाही हे दिसलं असणार.  निघताना फक्त त्या बाईला म्हणाल्या, "तेराव्याला जेवायला यायचं."

वन्संच्या घरी कोणी आजारी पडलं नाही. बाळ चांगलं बाळसं धरून होतं.

तेराव्याला ती बाई खरंच आमच्या घरी आली, स्वच्छ साडी नेसून, केसांत फूल माळून, आणि मागच्या दाराशी उभी राहिली. पंगत बसली होती. भटजी आत होते, तिरुवैयारूचे नातेवाईक होते.

"आत ये ना," वन्सं म्हणाल्या.

ती हसली. "त्या दिवशी तुम्ही दारात उभ्या होता, मी आत. आज माझी पाळी."

"थट्टा पुरे. ये."

"नको ताई. मला इथं वारा लागतो."

आतून कोणीतरी खाकरलं. वन्संनी क्षणभर तिकडे पाहिलं. मग केळीचं पान आणून मागच्या पायरीवर मांडलं आणि पाणी शिंपडलं. भात वाढला, डांगर वाढलं, तूप वाढलं. पंगतीतलं स्वतःचं पान उचललं, आणि तिच्या शेजारी, तिचा पदर आपल्या पदराला लागेल इतक्या जवळ, पायरीवर बसून जेवल्या.