बुधीआजीच्या गोष्टीतला हं

आधीच सांगून टाकते. आमच्या आसनगावच्या बिल्डिंगमध्ये कोणाला काही दिसलं-भासलं, तर ते माझ्याकडे येत नाहीत. कारण मी पहिलं विचारते, "काल जेवलात काय?" असल्या अनुभवांचे दोन संग्रह मी स्वतः संपादित केलेत, आणि समासात 'हे कसं शक्य आहे?' असं पेन्सिलीने लिहून लेखकांना भंडावून सोडलंय. आता माझ्यावरच लिहायची पाळी आलीय. हसा खुशाल.

मी घरी बसून संपादनाचं काम करते, वीसेक वर्षं झाली. साहेब नाही, सुट्टी नाही. लोकांची हस्तलिखितं येतात, मी निवडते-टिपते, परत पाठवते. शेजारच्या काकूंना अजून वाटतं की मी दहावीचे पेपर तपासते. मीही आता समजावणं सोडून दिलंय. माझी एकच सवय आहे... काम परत पाठवायच्या आधी अख्खं पुस्तक एकदा मोठ्याने वाचायचं. डोळा फसतो, जीभ फसत नाही.

गेल्या हिवाळ्यात भोईर गुरुजींचं बाड आलं. गुरुजी शेणव्याच्या बाजूला शाळेत होते, आता रिटायर झालेत. तिथून वर, नदीच्या कडेला ठाकरांचा एक पाडा आहे. तिथल्या बुधीआजीच्या गोष्टी त्यांनी मोबाइलवर रेकॉर्ड करून शब्द न् शब्द उतरवल्या होत्या, तिच्या घरच्या बोलीत. बोलीला हात लावायचा नाही एवढी अक्कल मला आहे. पण जवळजवळ प्रत्येक ओळीनंतर गुरुजींनी लिहिलं होतं — हं. पुन्हा हं. पानभर हं. मी कॉम्प्युटरला सांगितलं, सगळे काढ. एका झटक्यात साफ! फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग मोठ्याने वाचायला बसले आणि गोष्टी चालेचनात. शब्द ठीक, वाक्यं ठीक, पण दोन पानांत धाप लागायची. शेवटची गोष्ट तर अर्धीच होती. घरातली चूल विझली म्हणून एक पोर डोंगरावरच्या वस्तीतून विस्तव आणायला जाते. खापरात विस्तव घेऊन परत येते, तोवर नदी भरलेली. पलीकडे घर, अलीकडे ती... आणि पुढे काहीच नाही. मी गुरुजींना फोन लावला.

गुरुजी म्हणाले, ते हं सोमीचे. सोमी म्हणजे बुधीआजीची जाऊ. पाड्यावर गोष्ट एकट्याने सांगत नाहीत, समोरच्याने हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. लग्न होऊन आल्यापासून बुधीने सांगायचं आणि सोमीने हं म्हणायचं, असं दोघींचं चाललेलं. ही गोष्ट अर्ध्यात असताना सोमी आजारी पडली, आणि गेली. त्यानंतर आजीने एकही गोष्ट सांगितली नव्हती. सून, नातवंडं, गुरुजी, सगळ्यांनी हुंकार देऊन पाहिला. ती दोन वाक्यं बोलून गप्प व्हायची. ही गोष्ट दुसऱ्या कोणालाच येत नव्हती. प्रकाशक म्हणत होते, अर्धी आहे तर गाळा.

"आजी थकलीय हो," गुरुजी म्हणाले. "आता नाय तर कधीच नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका बाईने आयुष्यभर दिलेला हं मी एका बटणाने पुसला होता. मी म्हटलं, मीच येते.

पाड्यावर पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. अंगणात भात वाळत घातलेलं, सून रानात गेलेली. घरापाशी आम्ही तिघंच, आजी, गुरुजी आणि मी. मी मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू केलं, मांडीवर वही, हातात पेन्सिल. गुरुजींनी खूप विनवल्यावर आजीने सुरुवात केली. मी आपली वेळेवर हं देत होते. माझ्या मते उत्तम देत होते! पाचव्या-सहाव्या वाक्याला आजी थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

"तू आयकत नाय गो," ती म्हणाली. "तू तपासतेस."

वीस वर्षांत माझ्या कामाबद्दल इतकं खरं कोणी बोललं नव्हतं. शेजारच्या काकूच बरोबर होत्या म्हणायच्या. मला राग आला, मग लाज वाटली, मग रडूच यायला लागलं. मी वही मिटली, पेन्सिल पर्समध्ये टाकली आणि नुसती बसले. म्हटलं, गेली गोष्ट.

आणि हं आला. बारीक, घशातला, बिनघाईचा. मला वाटलं गुरुजी. आजीने मान हलवली आणि पोरीला नदीवर आणून उभं केलं. पुन्हा हं. आजीचा आवाज चढला, हात हलायला लागले. थांबलीच नाही ती.

पोर वाट बघते, पाणी उतरत नाही, विस्तव राखेत चाललेला. "मग तिनं इथंच काटक्या गोला केल्या," आजी म्हणाली, "न् इथंच चूल मांडली. पल्याडच्यांनी धूर पायला. पानी उतरल्यावर सगली धुराच्या मागं इकडं आली. त्योच आमचा पाडा."

मी मान वर करून पाड्याकडे बघितलं. नदीच्या अलीकडे, डोंगराच्या बाजूलाच होता.

परतताना मी गुरुजींना म्हटलं, हं छान दिलात हो. ते म्हणाले, "मी? मला वाटलं तुमी देताय!" आम्ही गुरुजींची मोटारसायकल थांबवून रस्त्याच्या कडेला रेकॉर्डिंग ऐकलं. गोष्टीत नदी येते तेव्हा गुरुजी अंगणाच्या टोकाला कोंबड्या हाकलत होते, त्यांचं 'हुश हुश' लांबून ऐकू येतं. त्याच वेळी माझं नाक ओढणंही ऐकू येतं, कारण मी ओढणीत तोंड खुपसून रडत होते. आणि त्या दोन्हींच्या मधे, मोबाइलच्या अगदी जवळ... हं. गुरुजींनी सोमीचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. तोच हं, बारीक, घशातला.

मी काय काय म्हणून पाहिलं! आजीच स्वतः देत असेल, पण हं तिचा शब्द चालू असतानाच येतो. शेजारच्या झोपडीतून आला असेल, पण तिथे कुलूप होतं. ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. मी ते अजून ऐकते, अजून कळत नाही. आजीलाही फोनवरून विचारलं. ती म्हणाली, "बरा होता. जुना होता." एवढंच.

पुस्तकात सगळे हं मी परत घातले, एकेक करून, हाताने. प्रकाशक कुरकुरले. मी म्हटलं, एकदा मोठ्याने वाचून बघा. मग त्यांनी सगळे हं तसेच छापले.

पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत घेऊन पाड्यावर गेले. आजीला वाचता येत नाही, म्हणून अंगणात बसून मीच वाचायला लागले. पहिल्या ओळीला थांबले. छापलेला हं आता मी म्हणायचा की काय, कळेना. मान वर केली तर आजी डोळे मिटून बसलेली.

"हं," बुधीआजी म्हणाली.

मी पुढची ओळ वाचली.