क्रूझ कवा सुटतं?

आमच्या मामींच्या अंबाड्यात मी कधी गजरा पाहिला नाही, टेस्टर मात्र कायम खोचलेला. निमोणे गावात त्यांना सगळे टेस्टरमामीच म्हणायचे. मामा कुरकुंभच्या कारखान्यात पाळीवर, त्यामुळे विहिरीची मोटर, स्टार्टर, गिरणी ही सगळी दुखणी मामींच्या वाट्याला आली आणि या बाईला त्यात चक्क गोडी लागली. लग्नघरात मिक्सर बंद पडला की नवरी राहायची बाजूला, मामी आधी मिक्सरला भिडायच्या.

काहीही बिघडलं म्हणून जा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "कवा बिघडतंय?" आपण म्हणावं, "मामी, बंदच आहे." तर लगेच, "आरं, पर बंद पडलं तवा काय करत व्हता?" दुसरा कायदा असा, की एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. "दोन बदलल्या की कुणामुळं झालं ते देवालाबी सांगता येत न्हाई." हा कायदा आमटीलाही लागू होता! आधी मीठ, मग चव, मग तिखट, परत चव. आमच्या पोटात कावळे ओरडायचे.

मामा गेल्यावर त्यांची जुनी गाडी मामींनी ठेवून घेतली. ट्रॅक्टर त्या तरुणपणापासून हाकत होत्याच. दर आठवड्याला चौफुल्यावरून हायवेला लागून त्या एकट्या कुरकुंभला लेकीकडे जायच्या. पुढे उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला की कळ मस्तकात जायची. त्या गाडीत क्रूझ होतं म्हणून निभावलं. वेग ठरवायचा, बटण दाबायचं, गाडी त्याच वेगानं चालत राहते आणि पायाला विसावा मिळतो. आणि नेमकं तेच मध्येच सुटायला लागलं.

मुलगा संतोष पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, गाडी विकून टाकू." मामी कसल्या ऐकतात! "गाडीत दोष निघाला तर दुरुस्त करीन आन् चालवीन. न्हाई निघाला, म्हंजी दोष माझाच, मग किल्ली तुझी." शब्द देऊन मोकळ्या झाल्या आणि मदतनीस म्हणून मला दौंडहून बोलावून घेतलं.

फ्यूज बघितला, धड होता. मला गाडीमागं उभं करून ब्रेक दाबला. मागचा दिवा लागला, सोडला की विझला, म्हणजे ब्रेकही ठीक. दौंडचा मेकॅनिक म्हणाला, "मामी, जुनी गाडी हाय, द्या सोडून." मामींनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तो बिचारा चहा सांगायला गेला.

मग आम्ही हायवेला निघालो. मोकळ्या रस्त्यावर क्रूझ छान टिकायचं, मध्येच डॅशबोर्डवरचा क्रूझचा हिरवा दिवा जायचा. मी म्हटलं, पाटसच्या मोबाइल टॉवरमुळे असेल. "तुझं डोस्कं टॉवरमुळं गेलंय," मामी म्हणाल्या. "आता तू चालव. डायवर तेवढा बदलू."

मी चालवली. दिवा एकदाही गेला नाही. मामी सगळा वेळ माझ्या पायांकडे बघत होत्या. मग परत स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. "रस्त्याकडं मी बघते. तू माझ्या पायाकडं बघ."

बराच वेळ काही झालं नाही. मग शेजारून एक टँकर आला, गाडी हलली, आणि मामींचा डावा पाय आपसूक उचलला जाऊन क्लचवर टेकला. हिरवा दिवा गेला.

"काय दिसलं?"

"पाय क्लचवर गेला. दाबला नाही, नुसता टेकला." क्लचला धक्का लागला की क्रूझ सुटतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी घाईनं म्हणालो, "ट्रॅक्टरची सवय आहे मामी. जाईल हळूहळू."

मामींनी गाडी कडेला घेतली.

"सवय असती तर मोकळ्या रस्त्यावरबी गेला असता. मोठी गाडी आली की जातोय. भ्याले मी, दुसरं काय न्हाई."

गाडीत आम्ही दोघंच होतो. वायरिंगवर ढकललं असतं तर कुणाला कळलं असतं? मला त्यांच्या खरेपणाचा रागच आला. मामींनी मात्र तिथूनच संतोषला फोन लावला आणि काय दिसलं ते जसंच्या तसं सांगितलं.

मग तो म्हणाला, "आई, राहू दे ते. अजून एखाद्या मेकॅनिकला दाखवू की."

"न्हाई बाळा," मामी म्हणाल्या. "दोष सापडल्यावर शोधायचं थांबायचं असतं."

फोन ठेवून त्या खाली उतरल्या. गुडघा सांभाळत बॉनेटला वळसा घालून माझ्या दाराशी आल्या.

"ऊठ, तिकडं स्टिअरिंगवर बस," म्हणाल्या. "कुरकुंभला लेक वाट बघत आसंल."