सुधाताई आणि पुष्पाचा वाफा

सुधाताई गेल्याचं मला वर्ध्याच्या भाजीबाजारात कळलं. मेथीची जुडी हातात घेऊन, पिवळी पानं दाखवत मी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होते, आणि शेजारी उभी असलेली ओळखीची बाई सहज म्हणाली, "तुमच्या ताई गेल्या म्हणे परवा." सहज! जुडी तिथेच टाकून मी घरी आले. महिना होऊन गेला, अजून घरात मेथी आणलेली नाही. सून म्हणते, आई, असं काय करता? आता तिला काय सांगू, कुठून सांगू...

देवळीच्या अलीकडे आमचं गाव. पन्नासच्या दशकात तिथे बुनियादी शाळा होती, म्हणजे पुस्तकापेक्षा कुदळ जास्त. सुधाताई वर्ध्याहून तिथे सेवेला आलेल्या. विशीतल्या, चष्मा लावणाऱ्या, आणि चालणं असं की आम्हाला मागे धावावं लागे. दिवाळी झाली की त्या प्रत्येक मुलाला एकेक वाफा देत. मेथी, पालक, मुळे, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. थंडीने बोटं वळत नसत, तरी सकाळी विहिरीवरून पाणी आणून आपला वाफा आपणच भिजवायचा. दुसऱ्याचा भिजवायला सक्त मनाई, कारण दुपारचं जेवण त्यावर ठरे. स्वयंपाक करणारे सदाबुवा मुलांची डोकी मोजायचेच नाहीत. मुलं जागेवर ठरत नाहीत, दोनदा मोजली जातात, असं त्यांचं म्हणणं. ते बागेत एक चक्कर मारत, ओले वाफे मोजत आणि तेवढ्या पत्रावळी मांडत. मूल आजारी असलं की वाफा कोरडा, आणि त्याचं पान नाही. कधी चूक होत नसे.

माझ्या शेजारचा वाफा पुष्पाचा, माझ्या धाकट्या बहिणीचा. एका हिवाळ्यात ती दोन-चार दिवसांच्या तापाने गेली... त्यानंतर मी पहिल्यांदा शाळेत गेले, तर तिचा वाफा ओला. काळाभोर, नुकतं पाणी प्यायलेला. आणि पंगतीत माझ्या शेजारी एक पान जास्तीचं. कुणीतरी कुजबुजलं, "पुष्पी येऊन राह्यली." शाळेच्या मोठ्या गुरुजींनी सदाबुवांना झापलं, तर ते म्हणाले, "वाफा ओला हाये, गुरुजी. मी काऊन पान कमी करू?" ते पान वाढलेलं तसंच पडून राहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच, मग रोजच. मी तिकडे न बघता भराभर जेवून उठायची. एकदा चिडून ताईंना म्हटलं, "उपटून टाका ना तो वाफा!" तर म्हणतात कशा, "ज्याने पाणी घातलं त्याला विचारल्याशिवाय?" मी तिथून धूम ठोकली.

घरी सांगायची सोय नव्हती. वडील आदल्या वर्षी नागपूरहून धम्माची दीक्षा घेऊन आलेले. देव्हारा, अंगात येणं, भूतखेत, सगळ्यांना घरातून रजा मिळालेली. "भूत म्हणशीन तं मार खाशीन," एवढंच ते म्हणाले असते. आणि आई? आई पोटुशी होती. आजीची ताकीद होती, "रडू नको वो बाई, पोटातल्या लेकराले त्रास होईन." मग ती रडलीच नाही. भाकरी थापायची, माझी वेणी घालायची, पण नजर माझ्या पलीकडे कुठेतरी. हाक मारली की नुसतं "हं." मला वाटे, एक गेली, आणि आता उरलेलीही हिला दिसेनाशी झाली. खरं सांगते, भुतापेक्षा मला त्याचीच धास्ती होती. आई पुन्हा आपली होईल की नाही, या एका गोष्टीवर माझा जीव टांगणीला लागला होता.

एका दुपारी पंगत बसली आणि ताई फाटकातून आत आल्या, आईचा हात धरून. आईने शाळेत कधी पाऊल टाकलं नव्हतं, असंच मी समजत होते. पण तिच्या लुगड्याच्या काठाला बागेतला चिखल वाळला होता. ताईंनी तिला पुष्पाच्या पानावर आणून बसवलं. "बसा वहिनी. पाणी तुम्ही घालता, पान तुमचं आहे." आम्ही उठायच्या आत, पदराखाली तांब्या घेऊन आई रोज तिथे येत होती. ताईंना ते ठाऊक होतं, म्हणून त्या फाटकाची कडी मुद्दाम काढून ठेवत. सदाबुवांनी पुष्पाच्याच वाफ्यातली मेथी वाढली. आईने पहिला घास घेतला, आणि अगं बाई, काय रडली ती! आजीची ताकीद, चारचौघांची लाज, काही म्हणता काही उरलं नाही. रडत रडत सगळं पान संपवलं. मग पदराने नाक पुसून माझ्या पानाकडे बघितलं. "तुले भाजी नाई वाढली का वो, कमे?" तिने विचारलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. मग मीही भोकाड पसरलं.

गोष्ट इथेच संपली असती तर किती बरं झालं असतं... लवकरच आई बाळंतपणाला केळझरला माहेरी गेली. पुष्पाचा वाफा मात्र रोज सकाळी ओलाच. पान पडत राहिलं, पण आता ताई त्या पानावर बसत, माझ्याकडे बघून हसत आणि निवांत जेवत. मी म्हटलं, चला, आईचं काम ताईंनी घेतलं. माझी भीती पार पळाली. भाऊ झाला, उन्हाळ्यात वाफे मोडले, आणि आम्ही सगळे आपापल्या संसाराला लागलो. ताई वर्ध्यातच राहिल्या. मी अधूनमधून जायची त्यांच्याकडे.

शेवटची भेट यंदाच्याच थंडीत. नव्वदीच्या घरात गेलेल्या, दोन शब्द बोलल्या की धाप लागे. बोलता बोलता मी म्हटलं, "ताई, आई केळझरला गेल्यावर तुम्ही पुष्पाचा वाफा सांभाळलात. मी कधी त्याबद्दल बोललेच नाही तुमच्याशी."

ताई हसल्या. "मी? अगं कमल, मी थेंबभर पाणी घातलं नाही त्याला. तूच घालायचीस ना, नियम मोडून, चोरून? तुला कुणी बोलू नये, म्हणून तर मी त्या पानावर बसायची."

मी त्या वाफ्याला कधी हात लावला नव्हता. वडिलांनी नाही, आजीने नाही. पाणी कुणी घातलं? विचारायला आता आई नाही, सदाबुवा नाहीत... मी सांगायला तोंड उघडलं, तर ताई डोळे मिटून पडल्या होत्या. माझा हात त्यांच्या हातात होता.

"किती जीव होता ग तुझा तिच्यावर," त्या म्हणाल्या.

"हो, ताई," मी म्हटलं.