जास्त पिळाचा पंखा

मला बुडवलं ते माझ्या वीस वर्षांच्या जोडीदारानं. हसून सांगतोय, पण बुडवलंच.

आम्ही दोघं धुळ्यात उन्हाळाभर कूलर बसवायचो. पंखा निवडायची आमची रीत एकच: पात्याला पीळ जास्त, तर वारा जास्त. पुढे दोघांनी तापीवरच्या धरणाच्या फुगवट्यात चालवायला एकेक जुनी मोटरबोट घेतली. पलीकडच्या काठावर देवीची जत्रा भरते. त्या सकाळी माणसांनी भरलेली बोट जो आधी पलीकडे नेईल, त्याला गाव वर्षभर उतारू नेण्याचा मान देतं. मला तो मान इतका हवा होता की बायकोला मी आधीच 'कप्तानीणबाई' म्हणत होतो.

बोटींचे पाण्यातले पंखे झिजलेले. नवे आणायला जळगाव गाठलं. दुकानात सारख्याच घेराचे दोन पंखे, एकाला पीळ जास्त.

"हाऊच ले, भाऊ," जोडीदार म्हणाला. "पीळ देख! बोट नही, घोडं व्हई जाई."

"आणि तू?"

"माले काय, मासा धराले जानं. माले बारका पीळ चाली जाई."

मी खुशीत चहा प्यायला बाहेर गेलो. जत्रेच्या आदल्या दिवशी रिकामी बोट पळवली, तर टोपी उडून पाण्यात! जत्रेच्या सकाळी मात्र बारा माणसं, दोन बोकड आणि कप्तानीणबाई चढल्या. मोटर कण्हू लागली, तिनं काळा धूर सोडला आणि मधोमध गप्प झाली. शेजारून जोडीदाराची गच्च भरलेली बोट रमतगमत निघून गेली.

आपली माणसं पलीकडे उतरवून परत आला आणि त्यानंच दोर फेकला.

"ओझं ओढाले कमी पीळ लागस, भाऊ. दुकानदारनी सांगं ना, तू चहा पेवाले गया तव्हा."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुले सांगतू तं मी हारी जातू ना!"

बारा माणसं त्याच्या बोटीत गेली. मग बोकड. मग, माझ्याकडे न बघता, कप्तानीणबाई.

यंदा कूलर मी एकटाच बसवतोय. पंखा सुरू केला की सवयीनं विचारतो, "कसा शे वारा?" मग आठवतं, तो आता तापीवर उतारू नेत असतो.