पुसायचं पाणी

लातूरचा जिल्हा झाला आणि मुरुडातल्या पोरींच्या बापांची झोप उडाली. तुम्ही म्हणाल, जिल्ह्याचा आणि झोपेचा काय संबंध? तर संबंध असा, की लातुरात कलेक्टर कचेरी उघडली, तिथं पोरं कारकून म्हणून चिकटली, आणि काल गल्लीत गोट्या खेळणाऱ्या या पोरांच्या आया एकदम तालेवार झाल्या. आता त्यांना साधीसुधी सून चालेना. गोरी पाहिजे, तीही दुधासारखी. स्वतःचं तोंड कोण आरशात बघतंय!

वीरण्णा किराणेवाल्याची थोरली शिवकांता काळी होती. अशा पोरीला सावळी म्हणायची रीत आहे, पण आपण कशाला खोटं बोलायचं? नाकीडोळी नीटस, कामाला उरक, दुकानात बसली तर गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जायचं नाही. पण काळी. येतील ते पाहुणे चुरमुऱ्यांचा सुशीला खायचे, चहा प्यायचे, "कळवतो" म्हणून उठायचे आणि कळवायचे नाहीत. तिच्या पाठची शिवगंगाही लग्नाला आली, तेव्हा वीरण्णानं एकदाचं सांगून टाकलं, "उदगीरचं हे स्थळ हुकलं की मुखेडला होकार कळवणार. लई झालं आता." मुखेडचा दुकानदार सिद्धराम बिजवर होता. पदरात दोन लेकरं, आणि वयानं शिवकांताच्या काकाच्या बरोबरीचा. शिवकांता त्या रात्री जेवली नाही.

त्या साली पावसानं दडी मारली होती. आडाला गाळ लागला होता, टँकर आला तर आला. उदगीरचे पाहुणे यायच्या दिवशी घरात जेमतेम एक घागर होती, ती चहाला आणि पाहुण्यांना प्यायला राखलेली. पोरीला तोंड धुवायला तांब्याच्या तळाशी होतं तेवढं मिळालं.

तिला नटवायला कमलम्मा आत्या बसली. आत्यानं लातुराहून पावडरचा नवा डबा आणून देवळीत ठेवला होता. त्याच देवळीत तसलाच एक जुना डबाही होता, वीरण्णाचा. भस्माला त्या घरात ईबत्ती म्हणत. ईबत्तीच्या गोळ्यांचा चुरा वाया जाऊ नये म्हणून वीरण्णा तो पावडरच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवायचा. आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यात बाहेरून "पाहुणे आले, पाहुणे आले" अशी हाकाटी झाली. आत्यानं हाताला लागला तो डबा उचलला आणि पोरीच्या तोंडावर भराभरा थापला.

शिवकांताला वासावरूनच कळलं. पावडरीला गुलाबाचा वास असतो. हा वास बाप पूजेला बसला की घरात भरायचा तो होता.

"आत्या, ही ईबत्ती हाय."

आत्यानं डबा नाकाशी नेला. "आता गं माय. मी पुसून बी टाकू शकत न्हाई. शुभकार्याच्या दिवशी लावलेली ईबत्ती पुसली तर घरात काय उरंल?"

"मग अशीच जाऊ?"

"धुवायला पाणी कुठाय? खाली मान घालून बस. काय कळत न्हाई त्यांना."

शिवकांता मान खाली घालून बसली. समोर मुलाची आई नीलम्मा, बाप चंद्रप्पा, आणि खुर्चीच्या कडेला मुलगा शिवमूर्ती, नव्या कचेरीतला कारकून. नीलम्मानं तिला उठवलं, चालवलं, केस सोडायला लावले. उकाडा मी म्हणत होता. कपाळावरून घामाची धार निघाली आणि गालावरच्या राखेतून काळा ओघळ उतरला. तो नीलम्माच्या नजरेतून सुटणार थोडाच?

तेव्हा मुलगी बघायला येणाऱ्या बायांची एक खोड होती. प्यायला दिलेल्या पाण्यात पदराचं टोक बुडवायचं आणि पोरीचा गाल खसाखसा पुसून खालचा खरा रंग बघायचा. मागच्या पाहुणीनं शिवकांताचा गाल असा घासला होता, की त्याची आग नंतर कितीतरी वेळ शमली नव्हती. आता नीलम्मानं पेला उचलला. पदर बुडवला. आत दाराआड आत्यानं डोळे मिटून घेतले. ओला पदर गालाशी आला, तसं शिवकांतानं नीलम्माचं मनगट धरलं.

"पुसू नका. ईबत्ती हाय."

चंद्रप्पाचे हात सवयीनं जोडले गेले. नीलम्मा जागच्या जागी थिजली. घरी रोज लिंगपूजा करणारी बाई ती, दुसऱ्याची ईबत्ती कशी पुसणार? वीरण्णाला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"तोंडभर कुणी लावतं होय?" नीलम्माचा आवाज चढला. "मग पोरीचा रंग बघावा कसा माणसानं?"

"हा हात बघा की," शिवकांता म्हणाली. "तोंड बी ह्याच रंगाचं हाय."

सगळ्यांनी बघितलं. नीलम्मा तोंडाला पावडर लावून आली होती, पण मनगटाला कोण पावडर लावतं? धरणारा हात आणि धरलेला हात, दोन्ही एकाच रंगाचे होते. शिवमूर्तीनं ते पाहिलं आणि आईकडं न बघता जमिनीकडं बघितलं. नीलम्मानं हिसडा देऊन हात सोडवून घेतला. चहा तसाच राहिला.

"कळवतो," चंद्रप्पा म्हणाला.

त्यांनी कळवलं नाही. वीरण्णा शब्दाचा पक्का, त्यानं मुखेडला निरोप धाडला. शिवकांतानं एकच हट्ट धरला, आता कोऱ्या तोंडानं बसणार. बसलीही. पण सिद्धरामानं तिच्या तोंडाकडं बघितलंच नाही. त्यानं तिचे हात बघितले आणि विचारलं, "एका वक्ताला किती भाकरी थापशील?" आणि ती पसंत झाली. जन्मात पहिल्यांदा कुणी तिला पसंत केलं होतं, आणि ती चुलीपाशी जाऊन रडली ती त्या पसंतीपायीच.

मुखेडात ती नांदली. सवतीची लेकरं वाढवली, नवऱ्यामागं दुकान सांभाळलं. तिची स्वतःची लेक महानंदा आईचाच रंग घेऊन आली. पुढं तिला बघायला नांदेडहून पाहुणे आले. मुलाच्या मावशीनं पाणी मागितलं, शिवकांतानं पेला भरून दिला. मावशीनं एक घोट घेतला आणि पदराचं टोक हळूच पेल्यात सोडलं.

शिवकांतानं तिच्या हातातून पेला काढून घेतला.

"पाणी प्यायला दिलंय, बाई. पुसायला न्हाई."

मावशीनं बहिणीकडं बघितलं. मुलाचा बाप खाकरला. शिवकांतानं पेला आपल्याजवळ ठेवला आणि लेकीकडं वळली.

"ऊठ महानंदा, तुझा चहा आत गार व्हायलाय."